पानाचे चार कोस

आमगाव,
बुधवार, ९ डिसेंबर १९३६

प्रिय रुख्मिणी,

चार महिने तुला उत्तर नाही. शाळेची कामे होती असे आधी लिहिले आणि खोडले, कारण कामे नव्हती. मग प्रकृतीचे लिहिले, तेही खोडले. प्रकृती उत्तम आहे, तुझी मामी साक्ष देईल. ती रोज विचारते, पोरीला पत्र लिहिले का, आणि मी रोज सांगतो, गणित अजून जमत नाही. तिला ते खरे वाटते. मला क्षमा कर. या पत्राचे तीन कच्चे खर्डे फाडून झाले आहेत. हा चौथा. यात खाडाखोड दिसली तरी आता पुन्हा नव्याने लिहिणार नाही.

आधी तुझ्या शाळेतल्या मुलींचे काम करतो. तू लिहिलेस की वर्गात कोटी-अब्ज मैल सांगितले की मुली नुसत्या हसतात, आणि एकीने उभे राहून म्हटले, बाई, आमच्या गावच्या कोसात सांगा ना. मला ती मुलगी आवडली. तर घे. अठरा इंचांचा हात, असे तीन हजार पाचशे वीस हात म्हणजे एक मैल, आणि दोन मैलांचा एक कोस. चंद्र दोन लाख एकोणचाळीस हजार मैलांवर आहे, म्हणजे एक लाख साडेएकोणीस हजार कोस. बैलगाडी दिवसाला दहा कोस चालते असे धर. आज निघालेली गाडी चंद्रावर पोचायला बत्तीस वर्षे नऊ महिने लागतील. तू स्वतः हाकलीस तर चोपन्नाव्या वर्षी उतरशील; बैल मात्र वाटेत तीनदा तरी बदलावे लागतील. सूर्य चार कोटी पासष्ट लाख कोस. त्याच गाडीला बारा हजार सातशे चाळीस वर्षे, म्हणजे गाडीवानाच्या चारशे पिढ्या. इथपर्यंत मुलींना समजेल. यापुढे गाडी सोडून द्यावी लागते. प्रकाश एका सेकंदात त्र्याण्णव हजार कोस जातो, आणि वर्षभर न थांबता गेला तर दोन लाख त्र्याण्णव हजार दोनशे चौऱ्याऐंशी कोटी ऐंशी लाख कोस. हा गुणाकार मी पाच वेळा केला. पहिल्यांदाच बरोबर आला होता. तरी पाच वेळा केला.

ही सगळी गणिते दोन मैलांचा कोस धरून केली आहेत. हे तू वर्गात पहिल्या वाक्यात सांग, शेवटी नको. माप सांगणाऱ्याने आधी सांगावे की त्याचा कोस कोणता. मी एकदा ते सांगितले नाही, विचारलेही नाही.

तुझ्या पत्राच्या शेवटी एक ओळ होती. तू हसत लिहिली असशील. ‘पण मामाजी, खरे कोस द्या हं, टिकारामचे नकोत.’ तुझा काही दोष नाही. आपल्या घरात ही म्हणच आहे. स्वयंपाक व्हायला किती वेळ, टिकारामचा कोसभर. मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ कधी उभा राहणार, टिकारामचे दोन कोस. तू लहानपणापासून हेच ऐकत आलीस, आणि टिकाराम हा कोणी हाडामांसाचा माणूस आहे हे तुझ्या ध्यानातही नसेल. तो आहे. तुमच्याच मोहाटोल्याला, बोडीच्या तळ्यापलीकडे राहतो. तुझ्या बाबांच्या, नंदलालभाऊजींच्या घरी तो बारा वर्षे सालदार होता, आणि तू चालायला शिकलीस ती त्याच्या धोतराचा सोगा धरून. तुझी आई, माझी बहीण सुखवंता, त्याला टिकादादा म्हणे. वऱ्हाड न्यायचे असले की आसपासची गावे त्याला वाट दाखवायला बोलवत, कारण कुठून निघाले की कुठे कधी पोचू हे त्याच्याइतके नेमके कोणी सांगत नसे.

त्याची रीत अशी. घरून निघताना पळसाची डहाळी मोडून हातात धरायची. पाने माना टाकेपर्यंत चालायचे. माना टाकल्या की एक कोस झाला. ती डहाळी तिथेच टाकायची आणि नवी मोडायची. चैतात पान लवकर मरते, म्हणून चैताचा कोस लहान. पावसाळ्यात ते मरता मरत नाही, म्हणून श्रावणातला कोस खूप लांब. यात ढिलेपणा नव्हता. तो नेहमी महिना सांगूनच कोस सांगे. मी कॉलेजातून नवा आलो तेव्हा मला याचे हसू येई. आता तुझ्यासाठी प्रकाशवर्ष मांडताना हात थांबला तो इथे. मोठमोठे पंडित दुर्बिणी लावून करतात ते दुसरे काय आहे? प्रकाशाला चालू द्यायचे, आणि वर्ष संपेल तिथे खूण करायची. काळाने अंतर मोजायचे. फरक एवढाच की प्रकाशाला ऋतू नाही.

आता १९२० चा श्रावण. तू पाच वर्षांची होतीस. तुला काय आठवते, हे मी कधी विचारले नाही. तुझी आई दुसऱ्यांदा बाळंतपणाच्या कळा देत होती, आणि दोन दिवस सुटका होत नव्हती. सुईण हरली. तेव्हा तुझ्या बाबांनी टिकारामला माझ्याकडे आमगावला पाठवले, की मास्तरला सांग, गोंदियाहून डॉक्टर आण. तो सकाळी सातच्या सुमारास दारात उभा राहिला, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात अर्धी सुकलेली डहाळी. गोंदियाची गाडी आठला होती. मी डॉक्टरांना इंग्रजीत चिठ्ठी लिहायला बसलो. स्टेशनापासून गाव किती लांब हे त्यात लिहायला हवे, हे मला सुचले. त्याचा तेव्हा अभिमानही वाटला. मोहाटोल्याला मी दहा वेळा गेलो होतो, पण उन्हाळ्यात, शेतांच्या धुऱ्यांवरून आडवाटेने, गाडीत झोपून. पावसाळ्यात वाट बोड्यांना वळसे घालत जाते. म्हणून टिकारामला विचारले. तो म्हणाला, “चार कोस, मास्तर. पानाचे. पावसाचे दिस होत जी, पान मरत नाही.” हे सगळे मी ऐकले, रुख्मिणी. पहिले दोन शब्द कामाचे आणि पुढची खेडवळ बडबड, असे मानून चार दुणे आठ केले. आधी ‘सुमारे आठ मैल’ अशा अर्थाचे लिहिले होते. मग वाटले, सुशिक्षित माणसाने सुमारे लिहू नये. तो शब्द खोडला.

चिठ्ठी घेऊन शाळेचा शिपाई गाडीने गेला, आणि मी टिकारामबरोबर मोहाटोल्याला पायी निघालो. मला चालताना पावले मोजायची खोड आहे, तुला ठाऊक आहे. माझी दोन हजार पावले म्हणजे एक मैल. चार हजार झाली तेव्हा एक कोस संपायला हवा होता. टिकारामच्या हातातली डहाळी टवटवीत होती. ती त्याने साडेसहा हजारांवर टाकली. आठ हजारांवर, म्हणजे माझ्या हिशेबाने अर्ध्या वाटेवर, त्याच्या हातात दुसरीच डहाळी होती आणि तिला अजून झाडावर असल्यासारखी चमक होती. मी उभा राहिलो. तो म्हणाला, “काऊन थांबले जी? बाई तिकडे वाट पाहून राहिली.” त्या वेळी घड्याळात साडेनऊ व्हायचे होते. मला तिथेच कळले होते. हेच मी आजवर कोणाला सांगितले नाही, मामीलाही नाही. चूक नंतर कळली, असे नाही. तिथून मागे फिरून अकराच्या आत स्टेशन गाठता आले असते, आणि एक तार करता आली असती की आठ नव्हे, तेरा. डॉक्टर तेव्हा दवाखान्यातच होते. पण मागे फिरायचे तर टिकारामला कारण सांगावे लागले असते, आणि कारण असे होते की त्याने बरोबर सांगितले होते आणि बी.ए. झालेल्याने चुकीचे लिहिले होते. मी स्वतःला म्हटले, डॉक्टर घोड्याचा टांगा करतील, दोन-चार मैलांनी काय होते. आणि पुढे चाललो. पावले मोजणे मात्र बंद केले.

डॉक्टरांनी चिठ्ठीवरून सरळ हिशेब केला. आठ मैल, छकडा चार तासांत पोचेल. तेव्हा दुपारची गाडी पुरे, उजेडातच पोचू. त्यांचे काहीही चुकले नाही. वाटेतल्या नाल्यापाशी दिवस मावळला, नाल्याला पाणी होते, गाडीवान म्हणाला आता सकाळी. ते अलीकडच्या गावात थांबले. तुझी आई पहाटे गेली आणि बाळही गेले. डॉक्टर उन्हे वर आल्यावर पोचले. वेळेवर आले असते तर ती वाचली असती का, हे मी पुढे एकदा त्यांना विचारले. ते म्हणाले, सांगता येत नाही. मी त्या उत्तराला पुष्कळ दिवस धरून बसलो. पण प्रश्न तो नाहीच, हे मला तेव्हाही माहीत होते.

त्या सकाळी ओसरीवर डॉक्टरांनी चिठ्ठी दाखवून विचारले, हे आठ मैल कोणी सांगितले? तुझ्या बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “टिकारामने चार कोस सांगितले.” बघ, यात एकही शब्द खोटा नाही. तुझे बाबा त्याला मारायला धावले नाहीत. त्यांच्यात तेवढे बळच उरले नव्हते. ते एवढेच बोलले, “या ओसरीवर तुझा पाय पुन्हा दिसू नये.” टिकारामने माझ्याकडे एकदा पाहिले. मी चिठ्ठीची घडी घालत होतो. त्याने ओसरीच्या कोपऱ्यातली आपली घोंगडी उचलली आणि बोडीच्या पाळीवरून निघून गेला. माझ्या रोजनिशीत त्या तारखेला एवढेच आहे: ‘पाऊस. सुखवंता गेली. रुख्मिणीला आमगावला आणायचे.’ ज्या वहीत मी भाजीत मीठ जास्त झाल्याचेही टिपून ठेवतो, त्यात कोसाचा उल्लेख नाही.

मग तू आमच्याकडे आलीस. आम्हाला मूल नव्हते. तुझ्या येण्याने हे घर घर झाले, आणि हे लिहिताना माझी मान खाली जाते, कारण तू माझ्याकडे आलीस ती कशामुळे हे मी विसरू शकत नाही. तिकडे टिकारामला वऱ्हाडे बोलवेनाशी झाली. त्याची मुलगी पुष्पाबाई फुलचूरला दिली आहे. तिच्या सासरी ती उशिरा पाणी घेऊन आली की सासू म्हणते, बापाचा कोस मोजत होतीस का. हे मला शाळेतल्या एका फुलचूरच्या मास्तरांनी हसत सांगितले. मीही हसलो. आणि आणखी एक सांगतो, कारण आता आतले काही शिल्लक ठेवायचे नाही. परिमाणांचा धडा शिकवताना अडाणी मापांचे उदाहरण म्हणून मी स्वतः, माझ्या तोंडाने, एकदा वर्गात टिकारामचा कोस सांगितला आहे. मुले खूप हसली. धडा चांगला झाला, असे त्या दिवशी रोजनिशीत लिहिले आहे.

तुझे पत्र आले तेव्हा त्या ओळीवर अडलो, पण तरीही कदाचित नुसती गणिते पाठवून मोकळा झालो असतो. तेवढा निगरगट्ट मी झालो आहे. पण दिवाळीनंतर मंडईसाठी मोहाटोल्याला गेलो. रस्त्याच्या कामावरच्या लोकांनी यंदा आमगावपासून मैलाचे दगड रोवले आहेत, आणि शेवटचा दगड नेमका आपल्या बोडीच्या पाळीशी आला आहे. मंडईला आलेली माणसे त्याच्याभोवती गोळा झाली होती. कामावरचा मुकादम छोटेलाल, गोंदियाचा, त्या दगडावर हात टेकून उभा होता, जणू तो त्यानेच जन्माला घातला. मला पाहून म्हणाला, “आइये मास्टरजी, देखिये. पूरे तेरह मील. जरीब डालके नापा है, ये टिकाराम का कोस नहीं है, हाँ!” परका माणूस, त्यालाही म्हण पोचली होती. सगळे हसले. मागे टिकाराम उभा होता, डोक्यावर सिंधीच्या पात्यांच्या झाडण्यांचा भारा, मंडईत विकायला आणलेला. फार म्हातारा झाला आहे. त्याने भारा खाली ठेवला, पुढे येऊन दगडावरून तळवा फिरवला आणि मला विचारले, “मास्तर, या गोट्यावर काय लिवून हाय?” मी वाचले, आमगाव, मैल तेरा. तो बोटांच्या पेरांवर काही तरी मोजत राहिला. मग म्हणाला, “मंग बराबर हाय. पावसाचे चार कोस म्हंजे एवढंच भरते. मी त तुमाले चारच सांगतलो होतो जी, पानाचे. तुमी आठ कायले लिवले?”

आवाजात राग नव्हता. सोळा वर्षे त्याला माहीत नव्हते की चूक कुठे झाली. त्यालाही वाटत होते की आपलेच मोजणे कुठेतरी चुकले असेल. दगड लागला तेव्हा त्याला कळले. छोटेलाल म्हणाला, “अरे बाबा, अपना झाडू बेच,” आणि लोक पुन्हा हसले. मी म्हणालो, नंदलालभाऊजी वाट पाहत असतील. आणि चालू लागलो. संध्याकाळी ओसरीवर तुझ्या बाबांनी विचारले, तो म्हातारा तुम्हाला काय विचारत होता? मी म्हणालो, काही नाही, दगडावर काय लिहिले आहे ते. सोळा वर्षांपूर्वी मी खोटे बोललो नव्हतो. त्या संध्याकाळी बोललो. मला वाटते, दोहोंत पहिलेच मोठे होते, पण दुसऱ्याने मला झोपू दिलेले नाही. दोन आठवडे झाले. वर्गात फळ्यावर आकडा लिहितो आणि मुले सांगतात, गुरुजी, हा आताच लिहिला होता.

सध्या दिवेलागणीला श्रवण नक्षत्राचा तेजस्वी तारा पश्चिमेला उतरलेला असतो. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे सोळा वर्षे लागतात. हे ‘सुमारे’ मी खोडणार नाही. म्हणजे आज दिसतो तो उजेड त्या श्रावणाच्या आसपास तिथून निघालेला. मुलींना हे सांग, त्यांना आवडेल. त्यातून माझ्यासाठी काही अर्थ काढू नकोस. तारा काही सांगायला येत नाही, तो नुसता उशिरा दिसतो. मी मात्र माणूस आहे, आणि आमगाव ते मोहाटोला तेरा मैल यायला मला सोळा वर्षे लागली.

हे सगळे तुला आता का लिहिले? ती ओळ पुन्हा लिहू नकोस हे सांगण्यासाठी, एवढेच असते तर एक पोस्टकार्ड पुरले असते. तुला हे दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावे म्हणून लिहिले, कारण आता ते गावभर कळणार आहे, आणि कळावे अशी तजवीज मीच करणार आहे. तुझे बाबा मला पुन्हा ओसरीवर घेतील की नाही, ठाऊक नाही. नाताळच्या सुटीत तू इकडे यावेस असे मामीला वाटते. मलाही वाटते; पण तू नाही आलीस तर मी कारण विचारणार नाही. तुला माझ्याकडून जे मिळाले ते खरे होते, इतकेच म्हणतो, आणि हेही म्हणण्याचा हक्क मला आहे की नाही याची खात्री नाही. हे पत्र मी मुद्दाम साधे लिहिले आहे, आणि टिकारामचे शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत. टपालात पडण्याआधी या पत्रावर तुझ्याहून आधीचा हक्क असलेला एक माणूस आहे, आणि त्याला अक्षर येत नाही. कुठे माझे शब्द चुकले तर तो सांगेल. त्याचे मोजणे चुकत नाही.

तुझाच,
टेकचंदमामा

उद्या: नंदलालभाऊजींच्या ओसरीवर टिकारामला बसवून हे पत्र वाचून दाखवणे.